खाच

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
फौंड्रीचा धूर नाही, लेथची किरकिर नाही,
बोळात काळ्या वाळूवर एक कुत्रं आडवं.
अशा दिवशी अर्ध्या शटरखालून
विश्वासराव सरनोबत आत वाकले,
गारगोटीच्या पहिल्या एसटीनं आलेले,
रायफल खोळीत, परवाना दुधाच्या पिशवीत,
आणि मॅगझिन रुमालात बांधलेलं,
कवळी आणावी तसं.

“बाबालाल, हे बघ. दोन वर्षं न्हाई झाली.
बसतच न्हाई. बसलं तर सुटतं.
बापाचं लोखंडी चाळीस वर्षं चाललं,
आणि हे? खेळणं दिलंय कंपनीनं.”

मी भिंग डोळ्याला लावलं.
आम्ही शिकलगार. आज्जा तलवारी घासायचा,
बाप अडकित्ते, कात्र्या, आणि बंदुकीसुद्धा.
माझ्या वाट्याला हे काळं, हलकं,
हातात आहे की नाही ते न कळणारं.
पण झीज ती झीज. तिला वाचता येतं.

गोळ्या झाडून झिजलं असतं
तर ओठ फाकले असते,
आत पितळेची पिवळी रेघ उठली असती.
भरून ठेवलं असतं तर स्प्रिंग दमली असती.
पेट्रोलनं पुसलं असतं तर अंगावर पांढुरकी भेग.
यातलं काहीच नव्हतं. ओठ कोरे.
स्प्रिंग अजून बोट झटकते.

झिजली होती फक्त खाच,
कडी अडकते ती, करंगळीच्या नखाएवढी.
आणि तोंडाच्या कडेला ओरखडे,
डावीकडून, उजवीकडून, तिरपे,
एकावर एक, शेकडो,
अंधारात कुलूप चाचपणाऱ्या किल्लीचे असतात तसे.

लोखंडानं हे सांगितलं नसतं.
लोखंड गिळून बसतं.

मी वर बघितलं.
त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता.
एप्रिल होता.

“रोज काढता-घालता?”

कुत्रं उठलं, अंग झाडून पुन्हा बसलं.

“जूनमध्ये परवान्याचं नूतनीकरण हाय.
नवा फौजदार म्हणतो, समोर खोलून दाखवा.
पोरगंच हाय. हाताकडंच बघत ऱ्हातं.”
मग बऱ्याच वेळानं,
“मोजून शंभर वेळा. बायको झोपली की.”

“आणि उसात डुक्कर आलंच तर?”
“डबा वाजवतो. सात वर्षांत गोळी सुटली न्हाई रे.
बापाची बंदूक हाय म्हणून...”
पुढचं वाक्य त्यांनी खिशातच ठेवलं.

भिंतीवरच्या बंद घड्याळाची कमान होती माझ्याकडं.
तिचा एक तुकडा कापला,
खाचेवर पोलादाचं अस्तर बसवलं, दोन पिना मारल्या.
मग, कुणी सांगितलं नसताना,
तोंडाच्या कडेला बारीक कानस फिरवली,
आतून उतरती, नरसाळ्यासारखी,
चुकत आलेला हात आपसूक वाटेला लागेल इतकी.

“बघा.”
हात बाहेर आला.
मी कानस पुसायला घेतली, पुसलेली पुन्हा पुसली.
एकदा घसरलं. दुसऱ्यांदा कडेवर अडलं.
तिसऱ्यांदा, खट्.

बापानं काय केलं असतं?
बंदूक ठेवून घेतली असती, चार शब्द सुनावले असते,
किंवा चहा सांगितला असता.
बापाचं मला कधीच नेमकं कळलं नाही.

दुरुस्तीच्या वहीत रकाने असतात.
भाग: मॅगझिन. दोष: अकाली झीज.
कारण, या रकान्यात पेन थांबलं.
‘प्लॅस्टिक’ असं लिहिलं.
अक्षर चांगलं आलं नाही.

“किती झालं?”
“पट्टीचं द्या. आणि ते रिकामंच ठेवत जावा.”
“रिकामंच असतं.”

डाव्या हातानं त्यांनी नोटा मोजल्या,
खोळ डाव्या खांद्याला लावली,
शटरखाली वाकले आणि तिथंच थांबले.

“जूनपर्यंत टिकंल न्हवं?”

“पट्टी टिकंल,” मी म्हणालो.