साडेबारा

सातपूरच्या कंपनीत अकरा वर्षं
मी दुसऱ्यांच्या वस्तूंना डाख लावला.
भिंगाखाली दिवसभर
मोहरीएवढे चांदीचे थेंब.
कंपनी बंद पडली त्या संध्याकाळी
हिशेबाचं पाकीट घेतलं
आणि माझी सोल्डर गन पिशवीत टाकली.
चोरी म्हणा.
गेटवर कुणी विचारलं नाही.

हरसूलच्या पुढे आमचा पाडा.
आठ वर्षांपूर्वी खांब आले,
तारा यायच्या राहिल्या.
खांबांवर आता कोतवाल बसतात,
पाखरं म्हणते मी, सरकारी नव्हेत.

भद्रकालीत मुख्तारभाईच्या भंगारात
फुटके सोलर सेल किलोवर मिळतात.
निळे, पापडाहून पातळ,
नुसतं जोरात बोललं तरी तडकतील असे.
जीपमध्ये, वाघेरा घाटाच्या प्रत्येक वळणावर
मी खोकं मांडीवरून उचलून
अधांतरी धरलं.
शेजारची बाई म्हणाली, अंडी आहेत का?
मी म्हटलं, हो.

छत्तीस लागतात. एकेकात अर्धा व्होल्ट,
म्हणजे जवळजवळ काहीच नाही.
आवणीसारखंच सगळं, वाकून, ओळीनं,
एकाच्या पोटाची पट्टी
पुढच्याच्या पाठीला.
जाऊ म्हणाली, चांगुणे,
ही कसली गोधडी, जी अंगावर घेता येत नाही?
मी बोलले नाही.
दातांत पट्टी धरलेली होती.

वर शाळेच्या जुन्या खिडकीची काच.
कडेनं सिलिकॉन.
एकोणीस सेल वाया गेले, ते मोजत नाही.
खरं तर मोजते.

पावसाळ्यात ऊन चार चार दिवस तोंड दाखवत नाही,
म्हणून वारा.
येसूच्या मोडीत निघालेल्या जीपचा अल्टरनेटर
पुन्हा बारीक तारेनं गुंडाळला,
सहा इंची पाइप उभा चिरून तीन पाती.
मी तो घराच्या मागं उभारणार होते.
सासरा, नवसूबाबा, बाजेवरून म्हणाला,
तिथं नको. मोहाच्या पल्याड,
जिथं आपण भात उपणतो.
वाऱ्याला तिथं कामाला यायची सवय आहे.

पहिला पंखा नऊ दिवस चालला.
दहाव्या रात्री एक पातं सुटलं
आणि तुळश्या भोयेच्या छपरावरचा कोहळा
दुभंगून गेला.
पंचायत बसायची वेळ आली.
तुळश्या म्हणाला, भरपाई म्हणून
मला एक दिवा दे.

दुसऱ्याला शेपूट हवी होती,
वादळात तोंड फिरवायला.
घाटात पडलेली एक गंजकी पाटी सापडली,
वरचे शब्द झिजलेले, खालचा तेवढा शाबूत:
सावकाश.
आता टेकावर ती पाटी
वारा येईल तिकडे वळून
त्यालाच सांगत असते.
कधी ऐकतो. कधी नाही.

मग घरात दिवा लागला.
सगळ्यात आधी दिसली ती काजळी.
वाशांवर, शिंक्यावर,
देवाच्या टाकांवरसुद्धा.
पोरं हसली. जावेनं पदरानं तोंड पुसलं,
जणू तिच्याच गालावर होती.

नवसूबाबा मात्र उठून कुडापाशी गेला.
वर, आढ्याजवळ,
दरवर्षी सारवताना माझा हात जिथं पोचत नाही,
तिथं शेणात उमटलेली बोटं होती,
चार ओढलेल्या रेघा, शेवटी एक वळण.
सासू उंच होती म्हणतात.
मी तिला पाहिली नाही.
तोही त्या बोटांकडे
चुलीच्या उजेडात कधी पोचला नसावा.

बराच वेळ तसाच उभा.
मग आमच्याकडे न बघता म्हणाला,
बंद कर गं. बॅटरी उतरेल.

मी मीटरकडे पाहिलं. साडेबारा.
काठोकाठ भरलेली.

मी बटण दाबलं.
पलीकडे तुळश्याकडे
कोहळ्याचा दिवा जळत होता.