नाकाचा कानाडोळा

कलम दहा-अ मला तोंडपाठ आहे.
माल हाती लागायलाच हवा असं नाही.
पिंपं पुरतात, काचेची भांडी पुरतात,
भाड्याने दिलेलं छप्परसुद्धा पुरतं,
देणाऱ्याला माहीत असेल,
किंवा संशय यायला सबळ कारण असेल, तर.

त्या 'किंवा'वर डेन बॉशच्या कोर्टात
सकाळपासून आम्ही अडून बसलो होतो.
तीन न्यायाधीश, आणि नोंद घेणारी मी.

समोर स्येफ फान गेस्टल, वय एकोणसत्तर,
पेलच्या माळावर डुकरं पाळणारा.
लग्नातला कोट घालून आलेला; बटण लागत नव्हतं.
डुकरं विकून तीन वर्षं झाली होती.
शेड रिकामी. मग महिना दोन हजार युरो,
रोख, पाकिटात, पावती नको म्हणणारा भाडेकरू.
"कॅरव्हॅन ठेवायच्यात," म्हणाला होता.
कॅरव्हॅन एकही आली नाही.
पांढरी व्हॅन आली, रात्री, दिवे मालवून.
निळी पिंपं आली.
आणि लोरेन्स आला, तेवीस वर्षांचा,
ज्याला ते लोक 'आचारी' म्हणायचे.

त्याने आयुष्यात अंडं उकडलं नव्हतं,
त्याची आई म्हणाली.
थांबली, आणि परत म्हणाली, "अंडंसुद्धा."
मी दोन्ही वेळा लिहून घेतलं.
ऑक्टोबरात एका पहाटे तो सापडला
दाराच्या आतल्या बाजूला,
कडीपासून हातभर अंतरावर.

"वास आला नाही?" सरकारी वकिलांनी विचारलं.
"चाळीस वर्षं डुकरांत काढली, बाई.
माझं नाक केव्हाच गेलं."
मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

मग मुख्य न्यायाधीश तेरविंट बाई,
चष्मा काढून, अगदी हळू:
"बडीशेपेचाही नाही?"

तो बराच वेळ गप्प. नंतर म्हणाला,
"आमच्याकडे मूल झालं की टोस्टवर लोणी,
लोण्यावर बडीशेपेचे साखरदाणे.
मुलगी असली तर गुलाबी. 'उंदीर' म्हणतो आम्ही त्यांना.
रीट डबा भरून ठेवायची, कोणाचं कधी होईल सांगता येत नाही म्हणून.
ती गेली, तेव्हापासून घरात कोणी जन्मलं नाही.
रात्री खिडकी उघडली की वाटायचं,
शेजारी बाळ झालंय."

त्याच्या वकिलाने डोळे मिटून घेतले.

शेजारी कोणी नव्हतं. सर्वांत जवळचं घर
दीड किलोमीटरवर, आणि तिथे दोन म्हातारे भाऊ.

नाकासमोर चालणारा माणूस,
असं गावाने लेखी दिलं होतं, अठ्ठावीस सह्यांनिशी.
नाकासमोर काय होतं ते कोणी लिहिलं नव्हतं.

कानाडोळा करायला कान आहेत, डोळे आहेत.
नाकाला ती सोय नाही;
श्वास घ्यावाच लागतो.

मीही त्या उन्हाळ्यात त्या रस्त्याने
सायकलवरून आईकडे जायचे.
ओढ्याकाठची पाइनची रांग
एकाच बाजूने तांबूस वाळत चालली होती.
हवेत काहीतरी गोड.
मी पायडल जोरात मारायचे, चढ नसताना.
भाडं मी घेतलं नव्हतं.
कायद्याला तेवढा फरक पुरतो. मला पुरायला हवा.

दोन आठवड्यांनी निकाल: अठरा महिने, त्यातले सहा स्थगित.
शेडला महापौरांचं सील.
ओढ्याची माती खणून नेली, बिल त्याच्या नावावर.
व्हॅनवाला सगळ्या कागदांत मिळून
तेरा वेळा आला आहे, 'अज्ञात' या नावाने.

बाहेर नेताना स्येफ माझ्या टेबलाशी थांबला.
"ते दाण्यांचं लिहिलंत?"
लिहिलं.
"मग त्यातून रीटचं नाव खोडा.
तिचा यात काही संबंध नाही."

नोंदीत खाडाखोड चालत नाही, मी सांगितलं.
"बरोबर आहे," तो म्हणाला,
आणि पोलीस दार धरून उभा असताना
कोटाचं बटण लावून बघू लागला.