खोडरबर

मार्केट यार्डातल्या पेढीवर
कॉम्प्युटर तीनदा टीं करून गप्प.
मिरजेचा इंजिनिअर सोमवारपासून
"निघालोच" म्हणतोय.

दोन रुपयांच्या नाण्यानं मीच स्क्रू फिरवले.
आत हळद. पंख्यावर, तारांवर,
यंत्राचं लग्न ठरल्यासारखी.
रॅम उपसली. अन्वीच्या कंपासातल्या
स्ट्रॉबेरी वासाच्या खोडरबरानं
तिचे सोनेरी दात घासले.
"शॉक बसंल गं," बिरनाळेअण्णा लांबूनच म्हणाले
आणि उदबत्ती लावली.

चालू झाला.
कोपऱ्यात तारीख : एक जानेवारी दोन हजार दोन.
म्हणजे आजची एकही पट्टी अजून फाडलेली नाही,
आणि बाहेर, याच यार्डात,
बाबा पाठीवर पोतं घेऊन उभे.

तारीख बदलायला दोन क्लिक लागतात.
मी आधी चहा सांगितला.