तेवीस नंबर

जामद्याच्या कालव्यावर, कजगावच्या अलीकडे,
एक्केचाळीस डबे लावलेत मी.
काही निंबावर, काही विजेच्या जुन्या खांबांवर,
एक इद्रीस पाटकऱ्याच्या कोठीवर, तिथं त्याची बकरी वायर चावते.
प्रत्येकाच्या पोटात आपापल्या चारीतल्या पाण्याची उंची,
डोक्यावर वहीच्या पानाएवढं सोलर.

कुणाचाच आवाज अर्ध्या कोसापुढं जात नाही.
म्हणून याचं त्याच्या कानात, त्याचं पुढच्याच्या,
असं करत शेवटच्या चारीचं पाणी
पाणी वापर संस्थेच्या टेबलावर येतं.
मधल्यांना ठाऊक नसतं आपण काय आणलं.
पाकीट बंद. फोडायची किल्ली टेबलापाशी.

गेल्या वैशाखात कुणीतरी एक परका डबा टांगला.
रात्रभर सांगत होता:
सात नंबर कोरडी आहे, सोडा, सात नंबर कोरडी आहे.
आम्ही सोडलं.
सकाळी सात नंबरच्या बांधावर बेडूक बसले होते
आणि शेपटाकडच्या बायका माझ्या दारात.

तेव्हापासून अंधारातून हाक आली
तर माझे डबे आधी स्वतःचं नाव सांगत नाहीत.
समोरच्याच्या नावावरही विश्वास नाही, नाव कुणीही घेईल.
ते एक कोडं टाकतात, दर वेळी नवं.
किल्ली असेल त्यालाच सुटतं,
आणि चोरून ऐकणाऱ्याला उत्तर कळलं तरी उद्या उपयोग नाही.

तेवीस नंबर भाद्रपदातल्या पुरात गेला.
मी त्याची किल्ली रद्द केली. दोन मिनिटांचं काम.
बावीसनं चोवीसपर्यंत आवाज ताणला.

आणि चैत्रात, पहाटे पावणेतीनला, नोंदवहीत:
तेवीस.
तेवीस.
जुन्या किल्लीनं सोडवलेलं नवं कोडं.
बावीस गप्प. चोवीसही.
दुसऱ्या रात्री त्यानं तिसाचं दार वाजवलं,
तिसऱ्या रात्री छत्तिसाचं.
डबा चालत होता.

इद्रीसच्या मोटरसायकलवर मागं बसून,
मांडीवर लॅपटॉप, सिग्नल वाढेल तिकडं डावं, उजवं,
आम्ही एका पडीक वावरात पोचलो.
मेंढ्यांचा वाडा. पुढच्या एडक्याच्या गळ्यात,
घंटेशेजारी, हिरवा दिवा लुकलुकतोय.

भिवसन ठेलारी म्हणाला, पाटाच्या गाळात सापडला.
अंधारात एडका दिसतो, मागची मागं येतात.
मी त्याला कोड्याचं सांगितलं, किल्लीचं सांगितलं.
तो बिडी विझवून म्हणाला,
"मेंढी बी नाव ईचारत नही, ताई. हुंगस."
मग थोडं थांबून,
"पण मरेल पिल्लानं कातडं दुसरावर टाकं
ते तिले बी फसाडता येस."
चार वर्षं मी हे शिकले होते, पुण्यात, प्रोजेक्टरवर.

डबा काढून न्यायला आले होते.
नेला नाही.
नवी किल्ली द्यायची तर हातभर जवळ जावं लागतं,
दूरून देत नाही आपण.
एडका मान हलवत होता. भिवसननं शिंगं धरली.
त्याच्या पोरीनं, वैजंतानं, डब्यावरचे सहा आकडे मोठ्यानं वाचले,
मी माझ्या पडद्यावरचे.
चौथ्याला ती अडखळली, पुन्हा पहिल्यापासून.
जुळले.

परवानगी मात्र अर्धीच दिली:
दुसऱ्याचं न्यायचं.
पाण्याबद्दल स्वतः बोलायचं नाही.
तो आता पाण्यात नाहीच ना.

टेकाडामागच्या एकतीसचा आवाज
कुणापर्यंत पोचत नव्हता. अकरा दिवस मुका होता.
परवा भिवसनच्या मेंढ्या त्या अंगानं गेल्या,
दोन रात्रींनी कोठीवरून उतरल्या.
आणि माझ्या टेबलावर
एकदम अकरा दिवसांचं पाणी आलं,
तासातासाचं, एकही पाकीट न फुटलेलं.
इद्रीस म्हणतो, त्याला लेंड्यांचा वास येतोय.