जड थाप

सागाची पेटी मीच घडवली,
आत जुन्या गादीचा कापूस कोंबला,
बारा इंची स्पीकर सिंदेवाहीहून एसटीत
मांडीवर घेऊन आलो, आजारी पोरासारखा.

भिंतीला घोंगडी ठोकली. धानाची ढोली बाहेर काढली,
तिच्यात ठेका घुमायचा.
मग लावलं मंडईच्या रात्रीचं रेकॉर्डिंग:
दंडार, आणि उरकुडा नैतामची ढोलकी.

सगळं आलं. घुंगरू मोजून घ्यावेत इतकं.
कुणी खोकलं, तेही.
फक्त एका जागी एक थाप फार जड पडायची,
मांडणीवरची झाकणं थरथरायची.
दोष समजून मी ती
रोज थोडी थोडी बटणानं दाबत आणली.

परवा उरकुडालाच बोलावलं.
खाटेवर बसला. डोळे मिटले नाहीत,
पेटीकडे पाहत राहिला, जसं
दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं.
"वाजते त बराबर," म्हणाला,
"पर हा कोनाकडे पाहून वाजवते?"

मी काय सांगणार.
तेवढ्यात ती जागा आली, गुळगुळीत, दबलेली.
तो चमकला. "इथची थाप कोठी गेली?
गिरजा डुलक्या घेत होती ना थ्या बाजूनं,
तिले उठवाले मारलो होतो."

बटण मागे फिरवलं, पार शेवटपर्यंत.
पुन्हा लावलं.

थाप पडली. एक झाकण खाली आलं,
जमिनीवर गरगरत राहिलं बराच वेळ.
उरकुडानं डावीकडे पाहिलं.
तिथं सारवणावर
ढोलीची गोल खूण.