उरलेला बोल्ट

सिडकोतल्या आमच्या पोर्चमध्ये
बम्पर काढून सतरंजीवर ठेवलाय.
गाडी तोंड उघडं टाकून बघतेय रस्त्याकडे,
दाढ काढून आल्यासारखी.

जाणारा-येणारा विचारतो, "कुठं ठोकली?"
ठोकली नाही म्हटलं तर
जास्तच काळजीनं बघतो.

जुनी ऑक्टेव्हिया, टर्बोची.
मूळचा इंटरकूलर उजव्या चाकापुढं दडलेला, वहीएवढा.
मे महिन्यात कसाऱ्याचा चढ लागला
की तोच आधी तापायचा.
नवा चांगला दोन हात लांब,
जाळीमागं बसणार, वारा थेट छातीवर.
बसणार, असं खोक्यावरच्या चित्रात.
पोर्चमध्ये दीड इंच कमी पडलं.

त्या दीड इंचात अख्खा रविवार गेला.

शेवटी अण्णांची करवत काढली.
मुठीवर अजून मायकोतला टोकन नंबर, ४१७३.
फटीत बोट घालून बघायला लागलो की ओरडायचे,
"बोट खोटं बोलतं रे, फीलर घाल."
मी फीलर घातला.
मग कापलं. तरी वाकडंच.

चार वाजता निरगुडे वहिनी गेटशी थांबल्या,
पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमधून ड्यूटी संपवून.
"ह्याचं काम काय?"
म्हटलं, टर्बो हवा दाबतो, दाबली की ती तापते,
इंजिनात जायच्या आधी निववायची.
"मग हे आमचं प्रीकूलिंगच की," म्हणाल्या,
"घडाच्या पोटातलं ऊन काढल्याशिवाय
माल बोटीवर चढत नाही."
आणि गेल्या, कुकर लावायला.

घडाच्या पोटातलं ऊन.
क्लॅम्प हातात धरून मी कितीतरी वेळ नुसताच बसलो.

पाइपाच्या तोंडाला झाकण, झाकणात सायकलचा व्हॉल्व्ह.
त्यांचा तन्मय पंप मारतोय,
मी जोडाजोडावर भांड्याच्या साबणाचं पाणी सोडतोय.
पहिला गप्प. दुसरा गप्प.
तिसऱ्यावर एक बुडबुडा फुगत गेला,
इतका निवांत, त्यात अख्खा पोर्च दिसला,
तन्मय, ट्यूबलाइट, उलटी तुळस,
आणि मी पाना फिरवायचा विसरलो.
"काका, फुटला!"

रात्री त्र्यंबक रोड, अंजनेरीच्या अलीकडं,
तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून धरला.
जिथं पासष्ट दिसायचे तिथं काटा
अडतीसवर. हलेचना.
कुणाला सांगावं? शेजारची सीट रिकामी,
काच खाली घेतली नुसती.

घरी येऊन सतरंजी झटकली
तर टण्णकन एक बोल्ट पडला.
आठचा. कुठला, देव जाणे.
अण्णा असते तर आत्ताच बम्पर उतरवायला लावला असता.

बोल्ट खिशात घातला.
झोपताना उशाशी काढून ठेवला.
साडेबाराला उठलो, पोर्चचा दिवा लावला.