अडीच किलोचा स्वार

पाठीचा कणा अ‍ॅल्युमिनियमचा, पोटात ड्रिल मशीनची मोटर,
उजव्या हाताला नायलॉनची छडी, छातीत वॉकीटॉकी.
डोकं असं काही नाही.
नुसती टोपी, तीही उडू नये म्हणून स्क्रूनं आवळलेली.

इचलकरंजीत मी मागाच्या मोटरी भरायचो.
इथं शहानियात, उंटांच्या ट्रॅकमागच्या दुकानात
तीच तांब्याची तार, तोच वॉर्निशचा वास,
फक्त माग एका जागी खडखडायचे
आणि हे गिऱ्हाईक पळतं, ताशी चाळीसनं.

आईला फोनवर सांगितलं,
उंटावर बसणारी माणसं बनवतो.
ती म्हणाली, का रं, खरी संपली व्हय?

मी हसलो. मग बॅलन्स संपला.

बू मुबारकची सांडणी, नाव सराब.
सराब म्हणजे मृगजळ,
आणि मृगजळासारखीच ती: लांबून पळताना दिसायची,
जवळ गेलं की उभी.
त्या शुक्रवारी गेट उघडलं, अकरा जणी सुटल्या
आणि ही पापण्या मिटून रवंथ करत राहिली.
ट्रॅकच्या कडेला लँडक्रूझर, स्टिअरिंगवर बू मुबारक,
वॉकीटॉकीत ओरडून ओरडून घसा बसलेला,
आधी लाडानं, मग बापाचं नाव घेऊन,
शेवटी दोन्ही.
त्यानं वैतागून रेडिओ मागं फेकला. माझ्या मांडीवर पडला,
पान्ह्याच्या पेटीवर. बटण दाबलं गेलं असावं.
मी आपला स्वतःशीच:
‘हाल की गं बये, सत्यनारायण घालायचाय व्हय हितं?’

सराबनं डोळे उघडले.

मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही.
धूळ होती, हॉर्न होते, बू मुबारकचा मुंडासा मागच्या सीटवर आला,
माझी पेटी सांडली, सोळा नंबरचा पाना अजून सापडलेला नाही.
सहा किलोमीटर मी तिला अख्ख्या गल्लीतल्या शिव्या दिल्या.
ती तिसरी आली.

आता बू मुबारकचा धाकटा मुलगा, वय नऊ,
आरशासमोर उभा राहून घोकतो: हालकीगं, हालकीगं.
त्याला वाटतं मंत्र आहे.

दुकानात स्वारांचे सदरे शिवतो मोजम्मेल, सिल्हेटचा.
रेशमी, मालकाच्या रंगाचे, कॉलरला इस्त्री.
मी एकदा म्हटलं, टेप न लावता शिवतोस, माप चुकत नाही?
त्यानं मशीनवरून मान काढली नाही.
म्हणाला, माझंच माप आहे.
पाच वर्षांचा होतो. अठरा किलो.
शर्यत जवळ आली की जेवण निम्मं.
पाठीवर वेल्क्रोनं चिकटवायचे, दोर वेगळा.
सुटलं की मी ओरडायचो, आमच्या भाषेत, आईला.
उंटाला वाटायचं, पळ म्हणतोय.
मी जितका रडायचो तितका तो पळायचा.
दोनदा पहिला आलो, भाई. बक्षिसात गाडी होती.

गाडी कुणाला, ते मी विचारलं नाही.
त्यानं दातानं दोरा तोडला,
सदरा झटकला, बाह्या इवल्याशा,
आणि अ‍ॅल्युमिनियमवर चढवून
वरचं बटण लावता लावता थांबला. ते उघडंच ठेवलं,
गळ्याला काचतं म्हणाला.

काल रात्री बॅटऱ्या चार्जिंगला लावून मी बाहेर विडी ओढत होतो.
आत टेबलावर नऊ स्वार रांगेत, दिवे बंद.
मोजम्मेलनं रेडिओ उचलला
आणि त्यात हळू आवाजात काहीतरी बोलला,
एकच शब्द असेल, फार तर दोन.
नऊच्या नऊ छात्यांतून तो बारीक आवाजात निघाला.
दहावा स्वार इज्ब्यात सराबच्या पाठीवर होता,
सरावानंतर काढायचा मीच विसरलो होतो.

दोनशे पावलांवर, कुंपणापल्याड,
बसलेली सांडणी उठताना जसा आवाज होतो
तसा आवाज झाला.